‘तुमचं बायबल बदललंय’ म्हणणाऱ्याला काय सांगावं?

प्रश्न : मी मूळची अहिल्यानगरची, सध्या पुण्यात आयटीत नोकरी करते. घरात तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती विश्वास आहे. जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्यांशी धर्मावर गप्पा होतात, भांडण नसतं. एकाचं म्हणणं, बायबलमध्ये चार लाख चुका आहेत, ते कितीदा बदललंय याचा पत्ता नाही. दुसरीचं म्हणणं, कॉन्स्टंटाइन बादशहाने निकेयाच्या सभेत मतदान घेऊन पुस्तकं ठरवली. मंडळीच्या ग्रुपवर आलेला ‘२४ हजार हस्तलिखितं, ९९.५ टक्के शुद्ध’ हा मेसेज मी दाखवला, तो त्यांनी दोन मिनिटांत खोडून काढला. पाळकसाहेबांना विचारलं तर ‘२ तीमथ्य ३:१६ वाच’ म्हणाले, म्हणजे शास्त्र परमेश्वरप्रेरित आहे हे वचन. शिवाय गुलामगिरी, बायकांनी मंडळीत गप्प बसावं, अशी वचनं काढून ‘आजच्या काळात हे पुस्तक कशाला?’ असंही विचारतात. विश्वास डळमळलेला नाही, पण उत्तर देता येत नाही याचं वाईट वाटतं. काय बोलू आणि काय वाचू?

उत्तर : ताई, आधी तो ‘९९.५ टक्के’वाला मेसेज फोनमधून काढून टाका. नव्या कराराची मूळ ग्रीक भाषेतली पाच हजारांहून अधिक हस्तलिखितं नोंदलेली आहेत. लॅटिन, सिरियाक, कॉप्टिक, आर्मेनियन भाषांतरांच्या प्रती मिळवल्या की आकडा फुगत जातो. पण ग्रीक हस्तलिखितांपैकी बहुतेक नवव्या शतकानंतरची आहेत, पुष्कळांत नव्या कराराचा एखादाच भाग आहे, आणि सगळ्यात जुनी आहेत ती बहुतांशी तुटकी पानं. तुमच्या सहकाऱ्याने हेच सांगितलं असणार, आणि ते बरोबर आहे. टक्केवारीचं तर नावच काढू नका. शुद्धता टक्क्यांत मोजायची तर मूळ प्रत हातात हवी, आणि प्रेषित पौलाने सांगून लिहवलेलं मूळ पत्र आज कुठेही नाही.

तुमची खरी अडचण अशी आहे की तीन वेगळे प्रश्न एकाच गप्पांत येतात आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवलं जातं. जे लिहिलं गेलं तेच आपल्यापर्यंत पोचलं का, हा एक. लिहिणाऱ्यांना त्या घटनांची माहिती होती का, हा दुसरा. आणि हे देवाचं वचन आहे का, हा तिसरा. पहिल्या दोहोंना पुरावा लागू पडतो. तिसऱ्यात पुराव्याच्या पुढे विश्वासाचं पाऊल टाकावं लागतं, आणि ते लपवायचं काही कारण नाही. हस्तलिखितांचे आकडे फेकून तिसरा प्रश्न सोडवायला गेलं की समोरचा माणूस तो डाव लगेच ओळखतो.

आता ‘चार लाख’. हा आकडा अभ्यासकांचाच आहे, काही जण त्याहून मोठा देतात. त्या चुका नव्हेत, पाठभेद आहेत, म्हणजे प्रतींमध्ये जिथे जिथे शब्द वेगळे सापडतात त्या जागांची बेरीज. पुणेकराला हे समजवायला दूर जायला नको. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून पाठ शुद्ध केला तो याचसाठी. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती करताना १९१९ पासून १९६६ पर्यंत हेच काम केलं. हाताने नकलणं आलं की पाठभेद आलेच. एकच प्रत उरली असती तर पाठभेद शून्य असते, आणि तिच्यात कुणी काय घुसडलं हे कळायचा मार्गही उरला नसता.

इथे आपल्या बाजूच्या लोकांकडून नेहमी होणारी एक चूक टाळा. ‘एकच चूक दोन हजार प्रतींत असली की ती दोन हजार वेळा मोजतात, म्हणून आकडा मोठा दिसतो’ असं प्रवचनांत सांगतात. तसं मोजत नाहीत. वेगळं वाचन कितीही प्रतींत असलं तरी ते एकदाच धरलं जातं. आकडा मोठा आहे तो प्रती पुष्कळ आहेत म्हणून.

पाठभेद होतात कसे हे एकदा कळलं की त्यांची भीती जाते. दोन ओळींचा शेवट एकाच शब्दाने होत असेल तर नकलणाऱ्याची नजर पहिलीवरून दुसरीवर उडी मारते आणि मधला मजकूर गळतो. समासात कुणी टीप लिहिलेली असते, पुढचा नकलाकार ती राहून गेलेली ओळ समजून आत घेतो. आणि तिसरा प्रकार फार माणसासारखा आहे : एक शुभवर्तमान (येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार पुस्तकांपैकी एक) नकलताना दुसरं पाठ असतं, मग हात आपोआप पाठ असलेलं लिहितो. लूक ११:२-४ मधली प्रभूची प्रार्थना जुन्या प्रतींत मत्तयातल्यापेक्षा आखूड आहे. पुढच्या प्रतींत ती मत्तयाप्रमाणे भरून काढलेली दिसते.

आपण उपासनेत म्हणतो ते ‘कारण राज्य, सामर्थ्य आणि गौरव सर्वकाळ तुझीच आहेत’ हे समापन घ्या. मत्तय ६:१३ च्या सगळ्यात जुन्या प्रतींत ते नाही. उपासनेत म्हणता म्हणता ते मजकुरात आलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणूनच नव्या आवृत्त्यांत ते कंसात किंवा तळटिपेत असतं. ते म्हणण्यात काही वावगं नाही. मंडळी ते फार जुन्या काळापासून म्हणत आली आहे, एवढंच त्यातून कळतं.

बहुतांश पाठभेद अक्षरलेखनाचे, शब्दांच्या क्रमाचे, ‘येशू’च्या जागी ‘प्रभू येशू’ असे आहेत. मोठ्या जागा थोड्या, आणि त्या तुम्ही आपणहून दाखवाव्यात असं आमचं मत आहे. समोरच्याने काढून दाखवल्या तर तुम्ही लपवत होतात असं वाटतं. आज रात्री आपलं बायबल घेऊन या तीन जागा उघडा.

मार्क १६:९-२०. चौथ्या शतकातल्या सायनायटिकस आणि व्हॅटिकानस या दोन मोठ्या ग्रंथांत मार्क १६:८ लाच थांबतो : स्त्रिया रिकाम्या कबरीपासून पळाल्या, कुणाला काही बोलल्या नाहीत, कारण त्या भ्याल्या होत्या. पुढची बारा वचनं नंतर जोडली गेली. साप उचलण्याचा आणि विष पिण्याचा उल्लेख याच बारा वचनांत आहे. त्यावर कुणी आपली शिकवण उभी करत असेल तर सावध राहायला हे कारण पुरे आहे. दुसरी जागा योहान ७:५३ ते ८:११, व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची कथा. ती जुन्या ग्रीक प्रतींत नाही, आणि काही नंतरच्या प्रतींत भलत्याच ठिकाणी येते. कथा जुनी असावी असं अनेकांना वाटतं, पण योहानाच्या मूळ लेखनात ती नव्हती. तिसरी १ योहान ५:७, जिथे जुन्या छापील आवृत्त्यांत पिता, शब्द आणि पवित्र आत्मा हे तिघे स्वर्गात साक्ष देतात असं वाक्य आहे. इरॅस्मस या विद्वानाने १५१६ आणि १५१९ च्या ग्रीक आवृत्त्यांत ते घेतलं नव्हतं, ग्रीक प्रतींत सापडत नाही म्हणून. ओरड झाली, आणि १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत आलं. आज बहुतेक भाषांतरांनी ते पुन्हा काढलंय.

तर ‘बदललं’ या आरोपाला सरळ उत्तर असं : हो, काही ठिकाणी भर पडली, आणि ती कुठे पडली हे आपल्याला माहीत आहे, कारण प्रती इजिप्तपासून रोमपर्यंत विखुरलेल्या होत्या आणि त्या सगळ्या एकाच्या ताब्यात कधीच नव्हत्या. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), पुनरुत्थान, येशूचं प्रभुत्व यांपैकी काहीही वरच्या तीन जागांवर टिकून नाही. पुनरुत्थानासाठी मार्काची ती बारा वचनं लागत नाहीत. मत्तय, लूक, योहान आणि पौल आहेतच.

सगळ्यात जुना तुकडा कोणता, असं विचारलं तर मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयातला पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदाचा तुकडा, सांगा. साधारण ९ सेंटीमीटर उंच, ६ सेंटीमीटर रुंद, म्हणजे एटीएम कार्डापेक्षा जरा मोठा. पुढे सात ओळी, मागे सात ओळी. पुढच्या बाजूला योहान १८:३१-३३, मागे ३७-३८ मधला मजकूर, पिलातापुढे येशूची चौकशी चालली आहे तो. दोन्ही बाजूंनी लिहिलंय, त्यावरून ते गुंडाळीतलं नसून पानांच्या पुस्तकातलं आहे हे कळतं. १९३५ मध्ये तो प्रसिद्ध झाला तेव्हा अक्षराच्या वळणावरून इ. स. १२५ च्या आसपासचा धरला गेला आणि तोच आकडा सगळीकडे फिरतो. अलीकडचे अभ्यासक मात्र दुसऱ्या शतकाच्या अखेरपर्यंत, किंबहुना थोडा पुढेही अवकाश ठेवतात. ‘दुसऱ्या शतकातला असावा’ म्हटलंत तर तुमचं वाक्य कुणी पाडणार नाही.

सावधगिरी सांगतोय त्याला कारण आहे. मार्काचा पहिल्या शतकातला तुकडा सापडल्याची बातमी २०१२ मध्ये एका जाहीर वादविवादात दिली गेली. तो तुकडा २०१८ मध्ये रीतसर प्रसिद्ध झाला तेव्हा दुसऱ्या शतकाच्या शेवटचा किंवा तिसऱ्याच्या सुरुवातीचा निघाला. वॉशिंग्टनच्या बायबल संग्रहालयातले मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे म्हणून ठेवलेले सगळे १६ तुकडे बनावट असल्याचं २०२० मध्ये त्या संग्रहालयानेच जाहीर केलं. दोन्ही गोष्टींचे मेसेज अजून फिरतात. त्यांच्या जोडीला नासाच्या संगणकाला यहोशवाचा ‘हरवलेला दिवस’ सापडला हाही. त्या निव्वळ गप्पा आहेत.

जुन्या कराराबद्दल विचारलं तर बहुतेक लोक कुमरानच्या यशयाच्या गुंडाळीवर थांबतात. गोष्ट मोठीच आहे. १९४७ च्या सुमारास मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडलेली ही गुंडाळी सात मीटरहून लांब, ५४ स्तंभांची, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातली. तोवर जुन्या कराराची सगळ्यात जुनी पूर्ण हिब्रू प्रत होती ती इ. स. १००८ ची. मध्ये हजारावर वर्षं, आणि यशयाचं पुस्तक ओळखीचं तेच, ६६ अध्यायांचं. फरक आहेत, मुख्यतः अक्षरलेखनाचे, काही अर्थाचेही. यशया ५३:११ मध्ये गुंडाळीत ‘प्रकाश पाहील’ असं आहे, नंतरच्या हिब्रू परंपरेत ‘प्रकाश’ हा शब्द नाही.

पण त्याच गुहांत यिर्मयाच्याही प्रती मिळाल्या, आणि त्यांतली एक यिर्मयाच्या आखूड रूपाची आहे, जे रूप तोवर जुन्या ग्रीक भाषांतरातच माहीत होतं. ते आपल्या बायबलमधल्या यिर्मयापेक्षा सुमारे एक अष्टमांशाने लहान आहे आणि अध्यायांचा क्रमही वेगळा. म्हणजे येशूच्या काळात यिर्मयाची दोन रूपं चालू होती. यशया सांगून यिर्मया झाकणं म्हणजे अर्धवट हिशेब दाखवणं. दोन्ही सांगा. शिकवण दोन्हींत एकच आहे, आणि संदेष्ट्यांचे ग्रंथ कसे संकलित झाले याची पुस्तकातच नोंद आहे : यिर्मया ३६ मध्ये राजा गुंडाळी चाकूने कापून शेगडीत टाकतो, मग यिर्मयाचा लेखनिक बारूख ती पुन्हा लिहितो आणि ‘तशाच आणखी पुष्कळ वचनांची भर’ पडते.

आणखी एक चीज पाहण्यासारखी आहे. १९७९ मध्ये जेरुसलेमच्या केतेफ हिन्नोम इथल्या कबरींत चांदीच्या पत्र्याच्या दोन बारीक गुंडाळ्या मिळाल्या, ताइतासारख्या गळ्यात घालायच्या. उलगडायलाच वर्षं गेली. मोठी उलगडल्यावर जेमतेम १० सेंटीमीटर. त्यांवर कोरलेल्या अक्षरांत गणना ६:२४-२६ मधला आशीर्वाद वाचता येतो, उपासना संपताना पाळक हात वर करून देतात तोच : परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो. अभ्यासक त्या ख्रिस्तपूर्व ६०० च्या आसपासच्या धरतात. त्यावरून गणनाचं अख्खं पुस्तक तेव्हा याच रूपात होतं असं सिद्ध होत नाही, पण हे शब्द तेव्हा लोकांच्या अंगावर होते एवढं नक्की.

निकेयाचा प्रश्न त्या मानाने सोपा. ३२५ सालच्या त्या सभेत वाद होता तो एरियसच्या शिकवणीचा (येशू पित्याच्या बरोबरीचा नाही, असं तो म्हणे) आणि पुनरुत्थानाच्या सणाच्या तारखेचा. सभेचे २० नियम उपलब्ध आहेत, त्यांत बायबलच्या पुस्तकांबद्दल एकही नाही. सभेत पुस्तकं निवडल्याची दंतकथा नवव्या शतकाच्या सुमाराच्या एका ग्रीक ग्रंथातून आली. कॉन्स्टंटाइनने पुढे युसेबियस या बिशपकडून बायबलच्या ५० प्रती करवून घेतल्या हे खरं, पण त्याआधी चारच शुभवर्तमानं हे आयरेनियस या बिशपने १८० च्या सुमारास लिहून ठेवलं होतं, तेही छळ चालू असताना, बादशहा ख्रिस्ती होण्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षं आधी.

उरलेली यादी मात्र हळूहळू, कुरकुरत ठरली. युसेबियस स्वतः याकोब, यहूदा, २ पेत्र, २ आणि ३ योहान ही ‘वादातली’ म्हणून नोंदवतो. आजची २७ पुस्तकं नेमकी तेवढीच मोजलेली यादी बिशप अथनेशियसच्या ३६७ सालच्या पत्रात पहिल्यांदा दिसते. सिरियाक भाषेतल्या जुन्या पेशित्ता भाषांतरात २२ च होती, आणि केरळातल्या सिरियन मंडळ्यांचा वारसा तोच आहे. जुन्या कराराबाबत तर आजही एकमत नाही : प्रोटेस्टंटांची एकूण ६६ पुस्तकं, कॅथलिकांची ७३, इथिओपियाच्या मंडळीची ८१. वसईच्या मैत्रिणीचं बायबल जाडजूड का, याचं उत्तर हे. नव्या कराराच्या पुस्तकांना कस लावला तो असा : पुस्तक प्रेषितांपर्यंत किंवा त्यांच्या सोबत्यांपर्यंत पोचतं का, सगळीकडच्या मंडळ्या ते उपासनेत वाचतात का, मिळालेल्या शिकवणीशी ते जुळतं का. मतदानापेक्षा हे मान्यतेचं काम होतं, आणि शतकं चाललं.

आता दुसरा प्रश्न, लिहिणाऱ्यांना माहिती होती का. इथे पौलापासून सुरू करा, शुभवर्तमानांपासून नको. ग्रीसमधल्या डेल्फीत सम्राट क्लॉडियसच्या पत्राचा शिलालेख तुकड्यांत मिळाला, त्यात अखयाचा सुभेदार म्हणून गल्लियोचं नाव आहे. त्यावरून त्याची कारकीर्द ५१-५२ च्या आसपास बसते. प्रेषितांची कृत्ये १८:१२ म्हणतं की याच गल्लियोपुढे करिंथात पौलाला उभं केलं. तारीख पक्की झाली की करिंथकरांस पहिलं पत्र ५३ ते ५५ च्या दरम्यान येतं. त्या पत्राच्या १५ व्या अध्यायात पौल म्हणतो, मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं : ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला (म्हणजे पेत्राला) दिसला, बारा जणांना दिसला, मग पाचशेहून अधिक बंधूंना दिसला, ज्यांतले बहुतेक अजून जिवंत आहेत. वधस्तंभाची घटना ३० किंवा ३३ सालची. म्हणजे वीस-पंचवीस वर्षांच्या आत हे कागदावर आहे, आणि पौलाला ते त्याहून आधी मिळालेलं आहे.

याने काय सिद्ध होतं? दंतकथा बनायला शतकं लागली हा आरोप पडतो. लोकांना येशू जिवंत दिसल्याची साक्ष अगदी सुरुवातीची आहे हे ठरतं. तो खरोखर उठला, हे शिलालेख सांगू शकत नाही. तिथे साक्षीदारांवर भरवसा ठेवायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. ख्रिस्ती माणूस ठेवतो त्याला कारणं आहेत. चारही शुभवर्तमानं मंडळीचा पुढारी पेत्र याने गुरूला नाकारल्याचं सांगतात. ज्या समाजात बाईच्या साक्षीला वजन नव्हतं तिथे कबरीवरच्या पहिल्या साक्षीदार बायका आहेत. मार्क १३:३२ मध्ये तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही असं येशूच म्हणतो. रचून सांगणारा माणूस अशी ओझी डोक्यावर घेत नाही.

लूकची बारीकसारीक माहिती ठिकठिकाणी पडताळून निघते. थेस्सलनीकेच्या नगराधिकाऱ्यांना त्याने वापरलेली खास पदवी तिथल्याच शिलालेखांत सापडली. पिलाताच्या नावाचा दगड १९६१ मध्ये कैसरियात मिळाला. पण लूक २:२ ची अडचणही माहीत असू द्या. येशूचा जन्म हेरोद राजाच्या काळातला, आणि लूक तो सीरियाचा सुभेदार क्विरीनिया याच्या वेळच्या नावनिशीशी, म्हणजे जनगणनेशी, जोडतो. ती नावनिशी इतिहासकार योसेफसच्या लिखाणावरून इ. स. ६ ची ठरते, आणि हेरोद त्याच्या कितीतरी आधी, ख्रिस्तपूर्व ४ मध्ये, मेला होता. यावर बरीच उत्तरं दिली गेली आहेत, सगळ्यांना पटेल असं एकही नाही. सहकाऱ्याने विचारलं तर हेच सांगा.

अशा जागांचं काय करायचं यावर ख्रिस्ती लोकांत दोन वळणं आहेत. काहींची भूमिका अशी की मूळ लेखनात कोणत्याही विषयात चूक नाही. १९७८ चं शिकागोचं जाहीरनामापत्र याच भूमिकेचं. कॅथलिक मंडळीने १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेत शब्द वेगळे योजले : आपल्या तारणासाठी देवाला जे सत्य नोंदवायचं होतं ते शास्त्र खात्रीने आणि चूक न करता शिकवतं. तुमची मंडळी कोणत्या बाजूची हे पाळकसाहेबांना जरूर विचारा. वादात एका बाजूचा दावा करून दुसऱ्या बाजूची उत्तरं दिली की माणूस अडकतो.

तेच २ तीमथ्य ३:१६ बद्दल. वचन तुमच्यासाठी आहे, सहकाऱ्यासाठी नाही. ‘प्रत्येक शास्त्रलेख परमेश्वरप्रेरित’ असं शास्त्रातच लिहिलंय, हा न मानणाऱ्यापुढे पुरावा होत नाही. ते लिहिलं तेव्हा ‘शास्त्र’ म्हणजे मुख्यतः जुना करारच होता. ख्रिस्ती विश्वासाचा क्रम असा आहे : आधी येशू कोण याबद्दलची साक्ष पटते, मग त्याने ज्या शास्त्राला आपल्या पित्याचं वचन मानलं ते आपणही मानतो, मग त्याने पाठवलेल्या प्रेषितांचं लेखनही त्यात येतं. पौल तर स्वतःच दोर कापायला तयार आहे : ख्रिस्त उठवला गेला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ, १ करिंथ १५:१४.

राहिला ‘आजच्या काळात कशाला’ हा प्रश्न. गुलामगिरीबद्दल एक पुस्तकच साक्षीला आहे. १८०७ मध्ये लंडनमध्ये कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांसाठी बायबलची एक आवृत्ती छापली गेली. तिच्यातून इस्राएल मिसरातून सुटल्याची कथा काढली होती. ‘दास नाही, स्वतंत्र नाही, तुम्ही सर्व ख्रिस्तात एकच आहात’ हे गलतीकरांस ३:२८ काढलं होतं. ‘दासांनो, धन्याच्या आज्ञेत राहा’ तेवढं ठेवलं. पूर्ण बायबल गुलामांच्या हाती पडलं तर काय होईल हे कापणाऱ्यांना नीट कळत होतं. गुलामगिरीचं समर्थन करणाऱ्यांनीही बायबलच वाचून दाखवलं, हेही तितकंच खरं. वचन एकटं उचललं की कशालाही वापरता येतं. म्हणून अशा वचनाला तीन गोष्टी विचारा : कोणाला लिहिलं, आधी-नंतरच्या अध्यायांत काय आहे, आणि अख्ख्या शास्त्राची वाट कुठे जाते.

‘स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे’ हे १ करिंथ १४:३४ त्या रीतीने तपासा. त्याच पत्रात ११:५ मध्ये स्त्रिया सभेत प्रार्थना करतात, संदेश देतात, आणि पौलाला त्याचं वावडं नाही, फक्त डोक्यावर पदर हवा. रोमकरांस १६ मध्ये तो फिबी या सेविकेची शिफारस करतो. शिवाय १४:३४-३५ ही वचनं काही जुन्या प्रतींत ४० व्या वचनानंतर येतात, त्यामुळे ती मूळची इथली का यावरही चर्चा आहे. म्हणून या वचनाचा अर्थ ‘कधीही, कुठेही, एक शब्दही नाही’ असा लागत नाही. ते कोणत्या गोंधळाबद्दल आहे यावर मतं वेगळी आहेत. आपल्याकडचं उदाहरण हवं तर पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, खेड्यातल्या बायकांना कळावं म्हणून. १९२२ मध्ये त्यांचं निधन झालं त्याआधी ते काम पुरं झालं होतं.

वाचायचं काय? वर्षात बायबल संपवायची योजना आत्ता घेऊ नका. ११८९ अध्याय, म्हणजे रोज तीनाहून थोडे जास्त. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४० जानेवारीत पार पडतात, महिना सरता सरता लेवीय लागतं आणि बहुतेकांची गाडी तिथेच रुतते. मार्कापासून सुरू करा. १६ अध्याय, एका बैठकीत मोठ्याने वाचलं तर दीड-दोन तास. मग लूक आणि त्याचाच पुढचा भाग प्रेषितांची कृत्ये, रोज दोन अध्याय धरले तर २६ दिवस. मग १ करिंथ. जुन्या करारातून स्तोत्रं आणि यशया ४० ते ५५. निर्गम २४ पर्यंत वाचलं की लेवीय कशासाठी आहे ते कळू लागतं. नेहमीच्या मराठी बायबलशेजारी सोप्या मराठीतली एक आवृत्ती आणि तळटिपा असलेलं एक इंग्रजी भाषांतर ठेवा. ‘काही प्रतींत हे नाही’ अशा टिपा तिथे भरपूर असतात. सायनायटिकसची पानं आणि यशयाची गुंडाळी इंटरनेटवर फुकट पाहता येतात. मोबाइलवर ती उघडून मार्कचा शेवट सहकाऱ्याला दाखवा, मेसेज फॉरवर्ड करण्यापेक्षा ते बरं.

डब्याच्या वेळी एका दिवशी एकच प्रश्न घ्या. चार लाखांवरून निकेयावर, निकेयावरून गुलामगिरीवर गाडी गेली की ‘आधी हा संपवू’ म्हणा. माहीत नसेल ते ‘बघून सांगते’ म्हणून खरंच बघून सांगा. आणि पाळकसाहेबांवर रागावू नका, त्यांना हा कागद नेऊन द्या. तरुणांच्या सभेत मार्क १६ आणि योहान ८ च्या कंसांवर एक तास ठेवायला सांगा. कॉलेजात किंवा कंपनीत हे पहिल्यांदा ऐकून गोंधळणाऱ्या मुलांना ते मंडळीतच आधी कळलेलं बरं.